तारानिस, तारण आणि नात्याची पारख

परक्या पुराणात किंवा परक्या देशाच्या नकाशावर आपल्यासारखे एखादे नाव दिसले की आपल्याला हर्ष होतो. ‘व्हॅटिकन’ म्हणजे आपली ‘वाटिका’, असे छातीठोकपणे सांगणारी पुस्तके आपल्याकडे आवडीने वाचली गेली आहेत. या हर्षात गैर काही नाही. दूरच्या गावी एखाद्या दारावर आपल्याच आडनावाची पाटी दिसली तर कोण थबकणार नाही? पण आडनाव सारखे म्हणून कोणी आत शिरून वाटणीतला हिस्सा मागत नाही. आधी गाव विचारले जाते, कूळ विचारले जाते, चार पिढ्या मागे जाऊन पाहिले जाते. दैवतांच्या नावांबाबत मात्र ही साधी चौकशी करण्याचा आपल्याला कंटाळा असतो. त्याचे फळ असे की, खोट्या नात्यांचे कौतुक करता करता खरी नाती दाराशी येऊन परत जातात. प्राचीन केल्ट लोकांची दैवते हे याचे बोलके उदाहरण आहे.

केल्ट हे नाव आपल्या घरांत फारसे परिचित नाही, म्हणून दोन शब्द सांगणे जरूर आहे. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत केल्टिक भाषा बोलणारे लोक आजचा फ्रान्स, स्पेनचा काही भाग, ब्रिटन, आयर्लंड आणि थेट आशिया मायनरपर्यंत पसरले होते. फ्रान्सला त्या काळी गॉल म्हणत. आज त्यांच्या भाषांपैकी आयरिश, वेल्श, ब्रेतों आणि स्कॉटलंडातील गेलिक या तेवढ्या मुख्यतः उरल्या आहेत. या भाषा संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच कुळातील. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी या कुळाची कल्पना मांडली तेव्हा केल्टिकचे नाव त्यांनी जरा चाचरतच घेतले होते. पुढे १८५३ साली झॉइस या जर्मन पंडिताचे केल्टिक व्याकरण प्रसिद्ध झाले आणि या भाषांच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

केल्टांच्या देवांविषयी आपल्याला माहिती मिळते ती मात्र आडमार्गाने. त्यांचे पुरोहित द्रुइद. या शब्दाच्या शेवटी ‘जाणणे’ या अर्थाचा, आपल्या ‘विद्’ धातूचा सख्खा भाऊ बसलेला आहे. आपली विद्या लिहून ठेवणे हे द्रुइद निषिद्ध मानीत. काही शिष्य वीस वीस वर्षे पाठांतर करीत, असे ज्यूलियस सीझरने नोंदवले आहे. आपल्या वेदपाठकांची आठवण व्हावी अशीच ही रीत. पण आपल्याकडे परंपरा अखंड राहिली आणि गॉलमध्ये ती तुटली. पाठ करणारे गेले, त्यांच्याबरोबर सूक्तेही गेली. उरल्या त्या तीन गोष्टी: जेत्या रोमनांनी लिहिलेली वर्णने, दगडांवर कोरलेली नावे, आणि पुढे कित्येक शतकांनी आयर्लंड-वेल्समधील ख्रिस्ती मठांत उतरवून घेतलेल्या कथा. अनेक देवांचे तर केवळ नावच शिल्लक आहे. म्हणून येथे व्युत्पत्ती ही पंडितांची करमणूक राहत नाही. मृत माणसाच्या बोटातील अंगठीवरून त्याची ओळख पटवावी, तसे तिचे काम आहे.

१

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी ल्यूकन याने गॉलच्या तीन उग्र देवांची नावे दिली आहेत: तेउतातेस, एसुस आणि तारानिस. यातले तिसरे नाव मराठी वाचकाने ऐकले की तो तत्काळ म्हणणार, ‘हा तर तारणारा!’ तारण, तारक, तारी. सगळे कसे जुळून आले. नेमके येथेच थांबले पाहिजे. ‘तारण’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे पार जाणे या धातूपासून झाला आहे. केल्टिक भाषांत मात्र ‘तारान’चा अर्थ आजही जिवंत आहे. वेल्श माणूस ढगांच्या गडगडाटाला ‘तारान’ म्हणतो, आयरिश माणूस ‘तोरान’. तारानिस हा गडगडाटाचा देव आहे. तारण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग आपल्याकडे त्याचे कोणीच नाही का? आहे, पण ते वेगळ्या वेषात आहे. इंग्लंडातील चेस्टर या गावी एक वेदी सापडली. इ. स. १५४ मध्ये स्पेनमधून आलेल्या एका रोमन सैनिकाने ती अर्पण केली होती. तिच्यावर ज्युपिटरला जोडून देवाचे नाव कोरले आहे ते ‘तनारुस’ असे. म्हणजे आधी ‘न’, मग ‘र’. मूळ क्रम हाच. ‘तारानिस’मध्ये ही दोन अक्षरे जागा बदलून बसली आहेत. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करणाऱ्या मराठी माणसाला या वर्णविपर्ययाचे नवल वाटू नये. एकदा ‘तन’ हे अंग पुढे आले की सगळे कुटुंब गोळा होते: लॅटिनमधील ‘तोनारे’ म्हणजे गरजणे, इंग्रजीतील ‘थंडर’, उत्तरेकडील देव थॉर, आणि आपल्या ऋग्वेदातील ‘तन्यतु’ व ‘स्तनयित्नु’ हे मेघगर्जनेचे शब्द. जो शब्द आपला वाटला तो परका निघाला, आणि ज्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहिले नसते तो सख्खा.

याच चेस्टरचे रोमन काळातील नाव ‘देवा’. गावाजवळून वाहणाऱ्या नदीवरून ते पडले, आणि त्या नावाचा अर्थ ‘देवी’. येथे मात्र दिसणेही खरे आणि असणेही खरे, कारण केल्टिकमध्ये देवाला ‘देवोस’ म्हणत. आयरिश पुराणातील दाग्दा हा मोठ्या पोटाचा, मोठ्या कढईचा देव. त्याच्या नावाचे मूळ ‘दागो-देवोस’, म्हणजे भला देव, कर्तबगार देव.

एका गावातील दोन नावांपैकी एक फसवे आणि दुसरे खरे, हे ठरवायचे कशावरून? कानावरून नव्हे, नियमावरून. एका भाषेतील अमुक ध्वनीच्या जागी दुसऱ्या भाषेत तमुक ध्वनी येतो, तो एखाद्याच शब्दात न येता शब्दांच्या रांगांमध्ये येतो, तेव्हाच नाते सिद्ध होते. गॉलमधील घोड्यांची देवी एपोना हिचेच पाहा. रोमन घोडदळातील शिपाई हिचे मोठे भक्त. इटलीत सापडलेल्या एका रोमन पंचांगात १८ डिसेंबर हा तिचा दिवस नोंदलेला आहे. ‘एपोना’ आणि ‘अश्व’ यांत समान असे एक अक्षर नाही. पण जुन्या आयरिशमध्ये जेथे ‘क’ वर्ग असतो तेथे वेल्श आणि गॉलिशमध्ये ‘प’ येतो. आपले ‘चत्वार’ आयरिशमध्ये ‘केथिर’ होते, वेल्शमध्ये ‘पेद्वार’. त्याच न्यायाने आयरिश घोडा ‘एख’, गॉलिश घोडा ‘एपोस’, लॅटिन ‘एक्वुस’ आणि संस्कृत ‘अश्व’. शेवटचा ‘ओना’ हा केल्टिकमध्ये दैवतनामांना लागणारा प्रत्यय.

म्हणून एपोना म्हणजे आपले अश्विनीकुमार का? मुळीच नाही. नाते आहे ते ‘घोडा’ या शब्दाचे. अश्विनीकुमार जुळे भाऊ, देवांचे वैद्य. एपोना ही घोड्यावर बसून घोड्यांचे आणि घोडेस्वारांचे रक्षण करणारी देवी. शब्द एका घरचे असले म्हणून देव एका घरचे होत नाहीत. ही दुसरी पायरी चुकल्यामुळे भल्याभल्यांचा तोल गेला आहे.

२

नियम सापडण्यापूर्वीही लोक व्युत्पत्ती करीतच होते. आयर्लंडात कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मॅक होऊन गेला, इ. स. ९०८ मध्ये तो लढाईत पडला. त्याच्या नावावर एक प्राचीन शब्दकोश आहे. त्यात ब्रिगित या देवीची नोंद आहे: ती दाग्दाची मुलगी, कवींची आराध्य देवता, तिच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची आणि एक लोहारकामाची, आणि तिघींचेही नाव ब्रिगितच. या नावाची फोड कोशकाराने ‘ब्रेओ-सैगित’, म्हणजे अग्निबाण, अशी केली आहे. दिवाळीच्या वाचकाला ही व्युत्पत्ती फार पसंत पडेल. पण ती खरी नाही. आपल्या यास्काचार्यांनीही ‘अग्नी’ शब्द ‘अग्रणी’वरून लावला आहे. या दोघांना हसण्याचे कारण नाही. शब्दाचा इतिहास सांगण्यापेक्षा त्या शब्दात त्यांच्या काळाला काय ऐकू येत होते, हे ते सांगत होते. ब्रिगितच्या नावात आयरिश माणसाला अग्नी ऐकू येत होता, हीदेखील एक माहितीच आहे. पुढे ब्रिगित नावाच्या ख्रिस्ती संतिणीच्या किल्डेअर येथील मठात जोगिणी अखंड अग्नी राखीत, असे बाराव्या शतकातील वृत्तान्तात आहेच. १ फेब्रुवारी हा तिचा दिवस. आयर्लंडात २०२३ पासून तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी सुरू झाली.

खरी व्युत्पत्ती त्याहून देखणी आहे. ब्रिगित हे मुळात ‘ब्रिगान्ती’. उत्तर इंग्लंडातील शिलालेखांत तिचीच नावबहीण ब्रिगान्तिया भेटते. अर्थ: उंच, थोर, उन्नत. हाच शब्द, हाच धातू, हाच स्त्रीलिंगी प्रत्यय घेऊन संस्कृतात आला की ‘बृहती’ होतो. ऋग्वेदात उषेला हे विशेषण लावलेले आहे. अंगोपांगांसह जुळणारी अशी जोडी क्वचित सापडते. येथे हर्ष करायला हरकत नाही, पण तो बेताने करावा. बृहती हे एका वैदिक छंदाचेही नाव आहे, आणि ब्रिगित कवींची देवी आहे. एवढ्यावरून छंद आणि देवी यांची गाठ मारण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. एका प्राचीन समाजात थोर स्त्रीदैवताला ‘उन्नत’ म्हणण्याची रीत असावी, इतके या शब्दावरून म्हणता येते. त्यापुढे शब्द गप्प राहतो.

जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे. कॉर्मॅकच्या या कोशाचे इंग्रजी भाषांतर १८६८ साली छापले गेले ते कलकत्त्यात. त्याचे संपादक व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे. हिंदुस्थानात कायद्याच्या कामासाठी आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेमंत्री होते. दिवसा कायद्यांचे मसुदे, आणि फावल्या वेळी जुन्या आयरिश शब्दांची छाननी. आयर्लंडची एक जुनी देवी मराठी वाचकाच्या बरीच जवळून गेली होती, ती अशी.

३

तौलनिक दैवतशास्त्राची पहिली मोठी लाट माक्स म्यूलर यांनी आणली. १८५६ च्या त्यांच्या निबंधाने युरोपला नादावून टाकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, देव म्हणजे मूळचे निसर्गाचे वर्णन. शब्दाचा अर्थ विसरला गेला आणि विशेषणाचा देव झाला. यात तथ्य होते. पण पुढे पुढे जो तो देव सूर्य ठरू लागला. १८७० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील एका नियतकालिकात कोणी खट्याळ पंडिताने खुद्द माक्स म्यूलर हेही एक सूर्यकथाच आहेत, असे त्यांच्याच पद्धतीने सिद्ध करून दाखवले. विनोदाने जे साधले ते गंभीर खंडनाला साधले नसते.

या सूर्यवेडाचा केल्टिक बळी म्हणजे लुग. फ्रान्समधील लिऑन शहराचे प्राचीन नाव लुग्दुनुम, म्हणजे लुगचा गड. इतका हा देव मोठा. १८८६ च्या आपल्या व्याख्यानांत जॉन ऱ्हीस यांनी त्याला सूर्यकुळात बसवले. नावाचे मूळ ‘प्रकाशणे’ या धातूत मानले जाई, ज्याचे संस्कृत रूप ‘रुच्’, ‘रोचन’. पण या धातूच्या शेवटी ‘क’ आहे आणि केल्टिकमध्ये तो ‘क’ टिकतो. मार्स देवाला लावलेले ‘लूकेतिउस’, म्हणजे तेजस्वी, हे विशेषण शिलालेखांत ‘क’सकट उभे आहे. ‘लुग’मधला ‘ग’ या वाटेने येऊ शकत नाही. एका अक्षराने सूर्याचा अस्त झाला.

नाव असे हातचे गेले तरी लुग गेला नाही, कारण त्याची कथा उरली आहे. तो तारा नगरीच्या दाराशी येतो. द्वारपाल विचारतो, तुला कोणती विद्या येते? लुग म्हणतो, मी सुतार आहे. सुतार आमच्याकडे आहे. मी लोहार आहे. तोही आहे. वीर, वीणावादक, कवी, वैद्य. प्रत्येक जण आत आहेच. शेवटी लुग म्हणतो, राजाला विचार, या सगळ्या विद्या येणारा एकच माणूस तुमच्याकडे आहे का? आणि दार उघडते. सीझरने गॉलच्या मुख्य देवाला ‘सर्व कलांचा जनक’ म्हटले होते. पंडित व्युत्पत्तीसाठी झगडत बसले तेव्हा ही साधी गोष्ट लुगची ओळख त्यांच्यापेक्षा अधिक नेमकी सांगत होती.

दनूचे प्रकरण याहून नाजूक. आयर्लंडच्या देवगणाला ‘तुअथा दे दनान’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘दनूची प्रजा’ असा लावला जातो. ऋग्वेदात वृत्राची आई दानु. तिचे ते दानव. जोडी झकास दिसते. पण आयरिश ग्रंथांत जुने नाव ‘तुअथा दे’, म्हणजे देवगण, एवढेच आढळते. ‘दनान’ हे शेपूट मागाहून जोडलेले. शिवाय दानव हे इंद्राचे शत्रू, आणि तुअथा दे हे तर आयर्लंडचे नायक. नावाचे नाते उद्या सिद्ध झाले तरी ही उलटापालट कशी झाली, हा प्रश्न उरतोच.

४

काही वेळा नाव नसतेच, चित्र असते. १७११ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली नावाड्यांच्या संघाने सम्राट तिबेरियसच्या काळात उभारलेल्या स्तंभाचे दगड सापडले. त्यांवर शिंगे असलेला एक देव आहे आणि वर नाव: केर्नुन्नोस. म्हणजे शिंगवाला, लॅटिन ‘कोर्नू’ आणि आपले ‘शृंग’ यांच्याच कुळातला हा शब्द. १८९१ साली डेन्मार्कमध्ये गुंडेस्ट्रुप येथे चांदीचे मोठे पात्र मिळाले; त्यावर मांडी घातलेला, हरणाची शिंगे असलेला पुरुष प्राण्यांच्या मेळाव्यात बसला आहे. ते चित्र पाहताच आपल्याला मोहेंजोदडोची ‘पशुपती’ मुद्रा आठवते, आणि अनेकांनी दोहोंना एक मानले आहे. पण दोन्ही वस्तूंमध्ये सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे. मुद्रेवरची शिंगे म्हशीसारखी, पात्रावरची हरणाची. मुख्य म्हणजे मुद्रेवरची लिपी अजून वाचली गेलेली नाही. त्या पुरुषाचे नाव कोणाला ठाऊक नाही. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला मौन. अशी तुलना एका पायावर उभी असते.

याउलट काही ठिकाणी नावे वेगळी आणि कथा सारखी. आयरिश राजा नुअदू याचा हात युद्धात तुटतो. व्यंग असलेल्याला राज्य नाही, म्हणून देववैद्य दिअन केख्त त्याला चांदीचा हात बसवतो. ऋग्वेदात विश्पलेचा पाय झुंजीत तुटला तेव्हा अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवला. नुअदू आणि विश्पला या नावांत कसलाही संबंध नाही. नुअदूचे जुने रूप ‘नोदेन्स’. त्या नावावर १९३२ साली एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक होते पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे जगप्रसिद्ध झालेले टोल्कीन. लिडनी येथे ज्यांनी उत्खनन केले त्या व्हीलर यांच्या अहवालाला ते जोडलेले आहे. हेच मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. टोल्कीन यांनी त्या नावात ‘पकडणे, मिळवणे’ हा अर्थ शोधला. हाताची कथा मात्र नावातून निघत नाही. ती स्वतंत्रपणे तपासावी लागते.

५

आता नाव आणि कथा दोन्ही जवळ येतात असे एक उदाहरण. आयर्लंडातील कॉनाक्टची राणी मेद्व, आजच्या उच्चारात मेव्ह. नावाचा अर्थ ‘मद आणणारी’. मूळ शब्द मध आणि मद्य यांचा, म्हणजे आपलाच ‘मधु’. केल्टिकमध्ये ‘ध’चा ‘द’ नियमानेच होतो. लाइन्स्टर प्रांतात मेद्व नावाची दुसरी एक राणी आहे. तीही एकामागून एक राजांची पत्नी होते. पंडित म्हणतात, ही मुळात राज्यलक्ष्मी. तिने पेला दिला, तिने वरले, तोच राजा.

महाभारताच्या उद्योगपर्वात ययातीची मुलगी माधवी आहे. गालवाला गुरुदक्षिणेसाठी आठशे श्यामकर्ण घोडे हवेत. ययाती त्याला मुलगी देतो. गालव तिला हर्यश्व, दिवोदास आणि उशीनर या राजांकडे एकेक करून नेतो. प्रत्येकाकडून दोनशे घोडे, प्रत्येकाला एक पुत्र. उरलेल्या दोनशेंच्या बदली ती विश्वामित्राकडे. चार राजवंशी पुत्र, आणि पुढे त्यांच्याच पुण्याईने ययाती स्वर्गात परततो. १९७१ साली फ्रेंच पंडित झॉर्झ द्युमेझिल यांनी मेद्व आणि माधवी यांना शेजारी बसवले. नावात मधु, नशिबी अनेक राजे, आणि बाप सार्वभौम राजा. ही तुलना आतापर्यंतच्या सर्वांत वजनदार आहे, कारण येथे शब्द आणि कथा दोघे मिळून साक्ष देतात. तरीही ‘माधवी’ आणि ‘मेद्व’ या शब्दांची घडण एक नाही, हे नोंदलेच पाहिजे.

परंतु माझ्या मते या तुलनेचे खरे मोल साम्यात नाही, भेदात आहे. मेद्व स्वतः वर निवडते; ज्याच्या ठायी कृपणता, भय आणि मत्सर नाही असा पुरुष हवा, अशी तिची अट आहे. माधवीला कोणी विचारीत नाही. तिची किंमत घोड्यांत मोजली जाते, आणि कथा सांगणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. शेवटी तिचे स्वयंवर मांडतात तेव्हा कुठे तिचा पहिला निर्णय ऐकू येतो: जमलेले सारे राजे ओलांडून ती वनाला वरते. एके काळी राजाला राज्य देणारी जी कोणी होती, ती एका देशात राणी म्हणून उरली आणि दुसऱ्यात देवघेवीची वस्तू झाली, असे या जोडीवरून वाटते. हे नाते जोडल्याने आपल्याला फुशारकी मिरवता येत नाही. उलट स्वतःच्या पुराणाकडे पाहताना मान थोडी खाली जाते. तुलना खरी असेल तर ती असेही करते, आणि करू दिली पाहिजे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्दाला इतिहासाचे साधन मानायला मराठी माणसाला शिकवले. साधन म्हटले की त्याची धारही आली आणि ते वापरण्याची शिस्तही आली. १९१८ साली झोझेफ व्हान्द्रिएस यांनी दाखवून दिले की, भारत-इराण आणि इटली-केल्टिक प्रदेश या दोन टोकांना धर्मविषयक काही शब्द समान टिकले आहेत. मधल्या मुलखात ते सापडत नाहीत. आपला ‘राजन्’ आयर्लंडात ‘री’, गॉलमध्ये ‘रिक्स’. आपली ‘श्रद्धा’ रोममध्ये ‘क्रेदो’ आणि जुन्या आयरिशमध्ये ‘क्रेतिम्’. पाठांतर करणारे पुरोहित दोन्ही टोकांना होते, म्हणून हे शब्द वाचले, असा त्यांचा तर्क.

‘श्रद्धा’ आणि ‘क्रेतिम्’ हे दोन शब्द कानाला अगदी परके वाटतात. त्यांचे नाते कळायला कोणा तरी अभ्यासकाला वर्षानुवर्षे अक्षरे तपासत बसावे लागले. तारानिसला तारणहार म्हणायला एक क्षण पुरतो. पण त्या एका क्षणाच्या सुखासाठी तन्यतूसारखा सख्खा भाऊबंद गमावायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे.